सातव्या वर्षी डोक्यात कुठलंही बटण दाबलं जात नाही

पालकांच्या ग्रुपवर एक तक्ता सारखा फिरत असतो: ‘मुलांच्या बुद्धीचे चार टप्पे, पियाजेने सिद्ध केलेले’. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. दोन वर्षांपर्यंत मूल विचार करत नाही. दोन ते सात या वयात त्याला ना तर्क कळतो, ना दुसऱ्याची बाजू, म्हणून समजावत बसू नका. सातव्या वर्षी तर्क सुरू होतो, अकराव्या वर्षी अमूर्त विचार. टप्पा उशिरा आला तर मूल मागे पडलं. आणि सहाव्या वर्षी मेंदू 90 टक्के तयार झालेला असतो, पुढे दार बंद. खाली अर्थातच कुठल्या तरी कोर्सची लिंक.

आधी ‘सिद्ध केलेले’चं बघू. ज्यां पियाजे (1896–1980) या स्विस शास्त्रज्ञाचं तान्ह्या मुलांबद्दलचं मूळ लेखन मुख्यतः स्वतःच्या तीन मुलांच्या निरीक्षणांवर उभं आहे. निरीक्षणं अप्रतिम आहेत, यात वाद नाही. पण टप्प्यांचा क्रम ठरलेला आणि वयं मात्र अंदाजाची, हे खुद्द पियाजेच सांगत. तक्त्याने नेमकी वयं तेवढी उचलली.

‘दोन वर्षांपर्यंत विचार नाही.’ डोळ्यांआड झालेली वस्तू अजून आहे हे बाळाला साधारण आठ महिन्यांपासून कळू लागतं, असं पियाजेंना वाटत होतं. कारण त्याआधी बाळ झाकलेलं खेळणं शोधत नाही. पण शोधण्यासाठी हातही वळावे लागतात. रेने बेयारजों आणि सहकाऱ्यांनी 1985 मध्ये हाताऐवजी नजर मोजली. उभी होणारी फळी मागे ठेवलेल्या ठोकळ्यातून आरपार गेल्यासारखी दाखवली, तेव्हा पाच महिन्यांची बाळं त्या अशक्य दृश्याकडे जास्त वेळ बघत राहिली. त्या टक लावण्याचा अर्थ काय, यावर शास्त्रज्ञ आजही भांडतात. तरी ‘विचारच नाही’ हे वाक्य काही टिकत नाही.

आता सगळ्यात जास्त नुकसान करणारा मुद्दा: दोन ते सात. पियाजेंचा प्रसिद्ध प्रयोग असा. समान सोंगट्यांच्या दोन ओळी मांडायच्या, दोन्हींत सारख्याच आहेत का ते विचारायचं, मूल हो म्हणतं. मग मुलासमोर एक ओळ पसरवायची आणि पुन्हा तेच विचारायचं. लहान मूल म्हणतं, लांब ओळीत जास्त. निष्कर्ष: संख्या तीच राहते हे त्याला कळत नाही.

1974 मध्ये जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी यात एक खोडकर टेडी आणला. तो खोक्यातून बाहेर येतो आणि ‘खेळाचा विचका’ करत एक ओळ विस्कटतो. प्रश्न तोच, सोंगट्या तेवढ्याच, मुलं चार ते सहा वर्षांची. मोठ्या माणसाने मुद्दाम ओळ बदलली तेव्हा 80 पैकी 13 मुलांनी बरोबर सांगितलं. टेडीने विस्कटली तेव्हा 50 मुलांनी. मुलाच्या जागी बसून बघा ना. एक मोठं माणूस मुद्दाम काहीतरी बदलतं आणि मघाचाच प्रश्न पुन्हा विचारतं, म्हणजे उत्तरही बदलायला हवं असेल! टेडीच्या गडबडीत मुलांचं ओळीकडे लक्षच नसेल, अशी शंकाही पुढे काढली गेली, आणि ती अगदीच फोल नाही. पण विचारण्याची पद्धत बदलली की उत्तर इतकं बदलतं, हे एकट्या वयाने समजावता येत नाही.

‘दुसऱ्याची बाजू कळत नाही’ याचंही तसंच. पियाजेंनी तीन डोंगरांचा देखावा मांडून, समोर बसलेल्या बाहुलीला काय दिसतं ते विचारलं. चार-पाच वर्षांची मुलं स्वतःलाच दिसणारं चित्र निवडायची. मार्टिन ह्यूज यांनी 1975 च्या सुमारास एकमेकींना छेदणाऱ्या दोन भिंती आणि दोन पोलीस बाहुल्या ठेवल्या, आणि सांगितलं, या मुलाच्या बाहुलीला अशा जागी लपव की ती दोन्ही पोलिसांना दिसणार नाही. साडेतीन ते पाच वर्षांच्या मुलांनी दर दहापैकी नऊ वेळा अचूक जागा शोधली. लपाछपी त्यांच्या ओळखीची होती, डोंगरांचा देखावा नव्हता. तेव्हा चार वर्षांच्या पोरीला ‘त्याला लागलं, तो का रडतोय बघ’ असं सांगण्यात वेळ वाया जात नाही.

अकराव्या वर्षाबद्दल फार बोलायची गरज नाही. अमूर्त तर्काची चार पत्त्यांची एक परीक्षा पीटर वेसन यांनी 1966 मध्ये मांडली, आणि तिच्या अमूर्त रूपात शिकलेसवरलेले प्रौढही बहुतेक चुकतात. 1972 मध्ये पियाजेंनीच लिहिलं की हा टप्पा 15 ते 20 या वयातही येऊ शकतो, आणि ज्याच्या त्याच्या कामाच्या क्षेत्रातच दिसू शकतो.

‘उशीर म्हणजे मागे.’ मेक्सिकोतल्या कुंभारांच्या मुलांवरचा 1969 चा अभ्यास इथे बोलका आहे. मातीच्या गोळ्याचा आकार बदलला तरी माती तेवढीच राहते, हे त्यांना त्याच वयाच्या इतर मुलांपेक्षा चांगलं कळत होतं. हात मातीत होते, म्हणून. अशा मुलांना तक्ता ‘हुशार’ म्हणेल आणि बाकीच्यांना ‘मंद’. आणि टप्पे लवकर गाठून देणाऱ्या कोर्सांबद्दल म्हणाल, तर मुलांना पुढे ढकलायचं कसं या प्रश्नाला पियाजे चेष्टेने ‘अमेरिकन प्रश्न’ म्हणत.

राहिले ते 90 टक्के. हा आकडा मेंदूच्या आकारमानाचा आहे, क्षमतेचा नव्हे. नियोजन, संयम, निर्णय यांच्याशी जोडलेल्या पुढच्या भागाची जडणघडण विशीतही चालू असते. काही खिडक्या खरंच लवकर अरुंद होतात. वर्कर आणि टीस या संशोधकांना 1984 मध्ये दिसलं की इंग्रजी घरातल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतल्या ‘त’ आणि ‘ट’मधला फरक ऐकू येतो, पण वर्षाच्या आसपास बहुतेकांना येईनासा होतो. मात्र ही गोष्ट भाषेतल्या आवाजांची. तिच्यावरून गणित, वाचन किंवा विचारशक्तीचं दार सहाव्या वर्षी बंद होतं असं ठरवणं म्हणजे निव्वळ ओढूनताणून आणलेला अर्थ.

वयाकडे अजिबात बघू नका, असं मात्र नाही. बोलू लागलेलं मूल बोलायचं थांबलं, हाकेला ओ देईनासं झालं, आलेली गोष्ट विसरत चाललं, तर तक्ता काहीही म्हणो, लगेच बालरोगतज्ज्ञांना दाखवा.