हवेतून फुकट पाणी? ‘नोबेलच्या पावडरी’च्या दाव्यांचा हिशेब

८ ऑक्टोबर २०२५ रोजी सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉब्सन आणि ओमर यागी यांना रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. तेव्हापासून एक मजकूर थोड्याफार फरकाने सगळीकडे फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: नोबेल मिळालेली एक पावडर वाळवंटातल्या हवेतूनही पाणी ओढते; एका किलोतून रोज जवळपास तीन लिटर मिळतं; वीज लागत नाही; तिच्या एका ग्रॅममध्ये फुटबॉलचं मैदान मावतं, म्हणून तिची क्षमता अफाट; ती बनवायला सोपी, कधी न झिजणारी; थोडक्यात, जगाचा पाणीप्रश्न मिटला.

हा मजकूर निव्वळ थाप असता तर उत्तर द्यायची गरज नव्हती. यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य एखाद्या खऱ्या शोधनिबंधाचं टोक धरून आहे, आणि बाकीचा निबंध गळून पडला आहे. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘पाणी काढणाऱ्या पावडरीला नोबेल मिळालं’

नोबेल मिळालं ते पदार्थांच्या एका अख्ख्या कुळाला: धातू-सेंद्रिय जाळ्या, म्हणजे मॉफ. सांध्यावर धातूचे आयन, त्यांना जोडणाऱ्या दांड्यांच्या जागी सेंद्रिय रेणू (यांना लिंकर म्हणतात) आणि मध्ये नियमित मापाच्या पोकळ्या. रॉब्सन यांनी १९८९मध्ये तांब्याचे आयन आणि चार हातांचा रेणू जोडून हिऱ्यासारखी जाळी बांधली. अशा जाळीतून वायू आत-बाहेर जाऊ शकतो आणि तरी ती कोसळत नाही, हे कितागावा यांनी १९९७मध्ये दाखवलं. यागी यांची मॉफ-५ १९९९मधली. आज अशा हजारो जाळ्या माहीत आहेत आणि त्यातल्या बहुतेक पाणी गोळा करायला निरुपयोगी आहेत. मॉफ-५च घ्या: तिच्यातला जस्त-ऑक्सिजन बंध दमट हवेतच तुटू लागतो आणि जाळी ढासळते.

‘एका ग्रॅममध्ये फुटबॉलचं मैदान, म्हणून पाणीही तेवढंच’

मैदानाचा आकडा खरा आहे. २०१२मध्ये एनयू-११० या मॉफचं पृष्ठफळ ग्रॅममागे सुमारे ७,१४० चौरस मीटर मोजलं गेलं. पण पाण्याच्या कामासाठी वापरल्या जाणाऱ्या मॉफ-८०१चं पृष्ठफळ सुमारे १,००० आणि मॉफ-३०३चं सुमारे १,३०० चौरस मीटर आहे. कमी पृष्ठफळाच्या जाळ्या मुद्दाम का निवडल्या? सगळी मेख या प्रश्नात आहे.

पाण्याचे रेणू पृष्ठभागावर रंगासारखे पसरत नाहीत. पोकळीतल्या पाणी धरणाऱ्या जागांवर आधी एकेक रेणू बसतो, मग त्याच्याभोवती झुबके होतात, झुबक्यांच्या साखळ्या होतात आणि शेवटी पोकळी एकदम भरते. मॉफ-३०३मधला हा क्रम २०२१मध्ये एकस्फटिकाच्या क्ष-किरण अभ्यासातून टप्प्याटप्प्याने दिसला. पोकळी ‘एकदम’ कोणत्या आर्द्रतेला भरते, हे तिचा आकार आणि आतल्या जागांची पाण्याशी असलेली ओढ यांवर ठरतं. पोकळी मोठी तर लागणारी आर्द्रताही जास्त. क्रोमियमची एमआयएल-१०१ स्वतःच्या वजनाइतकं पाणी सहज घेते, पण सापेक्ष आर्द्रता (त्या तापमानाची हवा जास्तीत जास्त जेवढं बाष्प धरू शकते, त्याच्या किती टक्के आहे) ४० ते ५० टक्क्यांवर गेल्यावर. वीस टक्क्यांच्या हवेत ती जवळपास कोरडीच राहते. उलट टोकाला १३एक्स झिओलाइट (सच्छिद्र खनिजासारखा पदार्थ, मॉफ नव्हे) अगदी कोरड्या हवेतूनही पाणी पकडतो, मात्र ते सोडवायला दोनशे अंशांच्या आसपास तापवावं लागतं. सिलिका जेल कोणत्याच आर्द्रतेला झटक्यात भरत नाही आणि झटक्यात रिकामंही होत नाही.

मॉफ-३०३ ॲल्युमिनियमची आहे. ती १० ते २० टक्के आर्द्रतेदरम्यान ग्रॅममागे सुमारे ०.४ ग्रॅम पाणी घेते आणि माफक उष्णतेत सोडते. या क्षेत्रातली खरी प्रगती कुठे आहे असं विचारलं, तर ती ही पायरी, म्हणजे पोकळी एकदम भरते ती आर्द्रता, हव्या त्या जागी आणण्यात आहे. मॉफ-३०३च्या लिंकरमधला पायराझोल हा कड्यासारखा भाग काही प्रमाणात फ्युरान या दुसऱ्या कड्याने बदलला की पाण्याची पकड सैल होते, कमी उष्णतेत पाणी सुटतं, पण पायरी वरच्या आर्द्रतेकडे सरकते. दोन्ही फायदे एकत्र मिळत नाहीत. मैदानाचा फोटो टाकणाऱ्यांनी याऐवजी एक शोषण-आलेख (कोणत्या आर्द्रतेला किती पाणी घेतलं ते दाखवणारा) टाकला असता तर बरं झालं असतं.

‘किलोमागे रोज तीन लिटर’

हा आकडा एप्रिल २०१७च्या निबंधातल्या २.८ लिटरचा गोल केलेला अवतार आहे. मॉफ-८०१, सापेक्ष आर्द्रता २० टक्के. मात्र प्रत्यक्ष उपकरणात मॉफ होतं दीड ग्रॅमहूनही कमी, आणि किलोमागचा आकडा गणिताने काढलेला होता. मॉफ-८०१ एका भरण-रिकामं चक्रात किलोमागे साधारण पाव लिटर देते. म्हणजे २.८ लिटरला दिवसात अकरा-बारा चक्रं हवीत. रात्री भरणाऱ्या आणि दिवसा उन्हात रिकाम्या होणाऱ्या पेटीला दिवसाला एकच चक्र मिळतं.

त्याच दिशेच्या पुढच्या कामात हे स्पष्ट झालं. २०१८मध्ये ॲरिझोनातल्या टेंपे इथे हवेने थंड होणाऱ्या उपकरणाचा अंदाज आला किलोमागे एका दैनंदिन चक्राला ०.२५ लिटरच्या थोडा वर. २०१९मध्ये मॉफ-३०३ वापरून मोहावी वाळवंटात किलोमागे रोज ०.७ लिटर मिळालं, आणि ३२ टक्के आर्द्रतेच्या घरातल्या हवेत १.३ लिटर. ही झेप अनेक चक्रांमुळे होती, आणि ती चक्रं पंखे व हीटर चालवून घेतली होती. त्यासाठी सौर पॅनेल आणि बॅटरी जोडलेली होती. तेव्हा २.८ आणि ‘विजेशिवाय’ हे दोन दावे एकाच यंत्रावर एका वेळी लागू पडत नाहीत.

‘ऊर्जा लागत नाही’

वीज लागेलच असं नाही, ऊर्जा लागतेच. २५ अंशांना पाण्याची बाष्पनाची उष्णता किलोमागे २,४४० किलोज्यूल, म्हणजे ०.६८ युनिट. पोकळीत बांधलेलं पाणी सोडवायला त्याहून थोडी जास्त: मोलमागे (म्हणजे १८ ग्रॅम पाण्यामागे) ५० ते ५५ किलोज्यूल धरले तर लिटरला सुमारे ०.८ युनिट. यात पावडर, तिचा ट्रे आणि पेटी तापवण्याचा खर्च धरलेला नाही. स्वच्छ आकाशाच्या दिवशी एका चौरस मीटरवर सहा-सात युनिट ऊन पडतं. सगळं ऊन कामी आलं तरी एकेरी चक्राच्या साध्या पेटीत आठ-नऊ लिटरच्या वर जाता येत नाही. टेंपेच्या उपकरणाची कार्यक्षमता होती सुमारे १४ टक्के.

मग हवेचा प्रश्न. २५ अंश आणि २० टक्के आर्द्रतेला एका घनमीटर हवेत ४.६ ग्रॅम बाष्प असतं. लिटरभर पाण्यासाठी २१७ घनमीटर हवा शेवटच्या थेंबापर्यंत पिळावी लागेल. अर्धंच बाष्प काढता आलं तर ४३० घनमीटरच्या वर. ही हवा पावडरीच्या थरातून नेणार कोण? वारा किंवा पंखा. थर काही मिलिमीटरहून जाड झाला की खालची पावडर रात्रभरात भरतच नाही. पातळ ठेवला की किलोभर पावडरीला मोठं क्षेत्रफळ लागतं.

सगळ्यात जास्त फसवणारा भाग म्हणजे थंड बाजू. बाष्प सोडवणं म्हणजे पाणी मिळणं नव्हे; ते कुठेतरी जमलं पाहिजे. दुपारी कंडेन्सरचा (बाष्प थंड करून पाणी जमवणाऱ्या भागाचा) पत्रा ४५ अंशांवर असेल, तर पेटीतला बाष्पदाब किमान ९६ हेक्टोपास्कल झाल्याशिवाय थेंब धरत नाही. पावडर ६५ अंशांपर्यंतच तापली असेल, तर त्या दाबाला तिच्याजवळची सापेक्ष आर्द्रता येते ३८ टक्के, आणि मॉफ-३०३ आपलं पाणी सोडत नाही. ८५ अंशांना तीच आर्द्रता १७ टक्क्यांवर उतरते आणि पोकळ्या रिकाम्या होऊ लागतात. म्हणून कंडेन्सर सावलीत ठेवून त्याला पंखपत्रे लावणं, पेटीच्या सांध्यांमधून बाष्प निसटू न देणं आणि पावडरीच्या पाठीला उष्णतारोधक देणं, या कंटाळवाण्या गोष्टींवर लिटरचा आकडा ठरतो. पावडर पांढरी असते, ऊन परत फेकते आणि उष्णता नीट वाहू देत नाही. त्यासाठी २०१८च्या एका उपकरणात मॉफ-८०१मध्ये वजनाने ३३ टक्के ग्राफाइट मिसळलं होतं. तेवढं ग्राफाइट पाणी धरत नाही, पण तापतं मात्र.

याच हिशेबात मॉफची खरी बाजूही दिसते. वर हिशेबात घेतलेल्या २५ अंश, २० टक्क्यांच्या हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला बाष्पाचं पाणी होऊ लागतं) शून्य अंशाच्या जेमतेम वर आहे. थंड नळीवर पाणी जमवणाऱ्या नेहमीच्या यंत्राला तिथे नळी गोठणबिंदूखाली न्यावी लागते, हिम साचतं आणि विजेचा खर्च भडकतो. मॉफला हा अडथळा नाही. शिवाय ४० अंशांची १० टक्के आर्द्रतेची दुपारची हवा रात्री २० अंशांवर आली की तीच ३० टक्के होते. बाष्प तेवढंच, पण पायरी ओलांडायला पुरेसं.

‘दोन रसायनं उकळली की तयार’

मॉफ-३०३ पाण्यात बनते हे खरं: ॲल्युमिनियम क्लोराइड आणि पायराझोल-३,५-डायकार्बॉक्सिलिक आम्ल समान मोल, सोबत सोडियम हायड्रॉक्साइड (कॉस्टिक सोडा), १०० अंशांना सुमारे २४ तास. चूक होते ती सोड्यात. अभिक्रियेत ॲल्युमिनियमच्या एका मोलमागे तीन मोल हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं आणि सोडा ते मारतो. तो घाईने एकाच जागी ओतला तर ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड खाली बसतं. तेही पांढरं, तेही बारीक. डोळ्यांना फरक कळत नाही. क्ष-किरण विवर्तनाच्या रेषा (स्फटिकाची रचना ओळखण्याची खूण) आणि नायट्रोजनने मोजलेलं पृष्ठफळ पाहिल्याशिवाय हातात मॉफ आहे की हायड्रॉक्साइड, हे सांगता येणार नाही. धुणं अपुरं राहिलं की पोकळ्यांत मीठ आणि न जुळलेला लिंकर अडकतो: क्षमता घटते आणि सुरुवातीच्या पाण्यात तेच उतरतं. निर्वातात तापवून पोकळ्या मोकळ्या करणं ही शेवटची पायरी टाळता येत नाही. पुढे पावडर वडीच्या रूपात दाबताना बाइंडर (कण चिकटवणारा पदार्थ) जास्त झाला तर पोकळ्यांची तोंडं बुजतात.

‘कधी झिजत नाही, पाणी शुद्धच’

मॉफ-८०१मधल्या झिर्कोनियमचे आणि मॉफ-३०३मधल्या ॲल्युमिनियमचे ऑक्सिजनशी बंध पाण्यापुढे टिकतात, एवढं बरोबर. पण खुल्या हवेत धूळ, तेलकट वाफा, अमोनिया, सल्फर डायऑक्साइडही असतात आणि त्यातलं काही पोकळ्यांत मुक्काम ठोकतं. जमलेलं पाणी ऊर्ध्वपातित पाण्यासारखं क्षारविरहित असतं. त्यात धातू आणि लिंकर किती उतरले हे दर नव्या घडणीला मोजावंच लागतं.

‘जगाचा पाणीप्रश्न मिटला’

माणशी पिण्याचे तीन लिटर धरले आणि एकेरी चक्राचे पाव लिटर धरले, तर माणशी १२ किलो मॉफ. वीस लिटरच्या एका बादलीला ८० किलो. एक हेक्टर शेतावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे १०,००० लिटर. तिथे ४० टन. समुद्राचं पाणी उलट परासरणाने (आरओने) गोडं करायला हजार लिटरमागे तीन-चार युनिट वीज लागते, तर हवेतून तेवढंच पाणी काढायला ८०० युनिट उष्णता. वीज आणि उन्हाची उष्णता यांचं मोल सारखं नाही हे मान्य, तरी दोनशे पटींचं अंतर त्याने भरून निघत नाही. त्यामुळे जिथे समुद्र, खारं भूजल किंवा सांडपाणी हाताशी आहे, तिथे हवेकडे वळण्यात अर्थ नाही. ऊन भरपूर, जमिनीखाली काही नाही, टँकर पोहोचत नाही आणि गरज फक्त पिण्याची, अशा ठिकाणी मॉफची पेटी विचारात घेण्याजोगी आहे. तिथेही आधी वर्षभराची रात्रीची आर्द्रता मोजून घ्यावी, कारण ती पायरीच्या खाली राहिली तर पेटी सकाळी रिकामीच उघडेल.