आ करा, काका

बोलणाऱ्याला समोरच्याचं तोंड बंद लागतं, असं मला इतकी वर्षं वाटत होतं. गेल्या मंगळवारी कळलं की उघडं असलेलं त्याहून सोयीचं.

उजवीकडची खालची दाढ. रूट कॅनॉल. दुखण्याचं वर्णन करत नाही; ज्यांचं झालंय त्यांना ठाऊक आहे, ज्यांचं व्हायचंय त्यांना कशाला घाबरवा. डॉक्टर तरुण, हात हलका, तक्रार हाताबद्दल नाहीच. भुलीचं इंजेक्शन चढायची वाट बघता बघता त्यांनी विचारलं, "काका, रिटायर्ड ना? कुठे होता?"

"बँकेत. मुंबईला, फोर्टात. फॉरेन एक्स्चेंज."

मास्कच्या वर डोळे लकाकले. "अरे वा! म्हणजे १९९१! सोनं! कालच मी त्याच्यावरचा तीन तासांचा पॉडकास्ट संपवला. दोनच्या स्पीडवर. आ करा."

मी आ केला.

"काय झालं माहितीये का काका," डॉक्टर म्हणाले. ज्याला खरोखर माहितीये त्याच्या तोंडात सक्शनची नळी अडकवून हे विचारायचं. "सद्दाम घुसला कुवेतमध्ये. तेल भडकलं. आपल्याकडे डॉलर उरले दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते."

इथवर ठीक होतं. मी मान डोलावली.

"मान हलवू नका, फाइल आत आहे. तर मग रिझर्व्ह बँकेने काय केलं? सगळं सोनं विकून टाकलं!"

"आंऽ आंऽ!"

"हो ना! मलाही असाच धक्का बसला."

अहो, नाही हो. तिथे नाही तर निदान इथे तरी मला बोलू द्या. सगळं सोनं नाही, आणि रिझर्व्ह बँकेने तर विकलंच नव्हतं. चंद्रशेखरांचं सरकार, यशवंत सिन्हा अर्थमंत्री, तेव्हा मे महिन्यात स्टेट बँकेमार्फत जप्तीतलं २० टन सोनं स्वित्झर्लंडच्या एका बँकेला दिलं, तेही परत विकत घेण्याच्या बोलीवर. मग नरसिंह राव आले, आणि जुलैत रिझर्व्ह बँकेचं सुमारे ४७ टन गेलं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे. गहाण. त्यावर ४० कोटी डॉलर आणि वर थोडे मिळाले, आणि वर्ष संपायच्या आत सोडवूनही घेतलं. गहाण आणि विक्री यांत फरक काय, ते आईच्या पाटल्या सोडवून आणायला बापाबरोबर गेलेल्या कुठल्याही पोराला विचारा.

हे सगळं माझ्या घशाशी आलेलं असताना असिस्टंट मुलगी म्हणाली, "काका, गिळू नका. थुंका."

थुंकलो. चूळ भरून तोंड पुसून "डॉक्टर, ते सोनं" एवढं म्हणेपर्यंत पुढची सुई तयार होती.

"आणि याच्या पुढचं ऐका! सोन्याची गाडी विमानतळाकडे निघाली, कडेकोट बंदोबस्त, आणि खंडाळ्याच्या घाटात टायर फुटला!"

मी खुर्चीचे हात घट्ट धरले. फोर्टातून निघालेली गाडी, जायचं सहारच्या विमानतळावर. पुणेकराच्या नकाशात मुंबईतली प्रत्येक गाडी खंडाळ्यावरूनच जाते हे मला इथे मुलाकडे राहायला आल्यापासून ठाऊक आहे, पण रिझर्व्ह बँकेची?

"घाटात?" असिस्टंटने विचारलं. तिने नळी माझ्या गालात रुतवून ठेवली होती.

"घाटात."

"मग सोनं खाली पडलं?"

"नाही गं. गार्ड उतरले ना बंदुका घेऊन. चहूबाजूंनी उभे राहिले."

"पावसात?"

डॉक्टर थबकले. पॉडकास्टमध्ये पाऊस नसावा. "जुलै म्हणजे पाऊस असणारच. काका सांगतील की. काका, होता ना पाऊस?"

"आं," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"बघ! काका तेव्हा तिथेच होते."

म्हणजे खंडाळ्याच्या घाटाला आता साक्षीदारही मिळाला. टायर फुटल्याची गोष्ट सांगतात ती खरी, पण ती मुंबईच्या रस्त्यातली, विमानतळाच्या वाटेवरची. हे मी अजून कुणालाच सांगू शकलेलो नाही.

पॉडकास्टशी माझं वैर नाही, हे आधी स्पष्ट करतो, नाहीतर म्हाताऱ्याला नवं काही सोसत नाही म्हणाल. सकाळी टेकडीवर जाताना मीही ऐकतो. बीबीसीवर मेल्विन ब्रॅग १९९८ पासून 'इन अवर टाइम' चालवत होते: तीन प्राध्यापक, पाऊण तास, विषय कधी रोमन इतिहास तर कधी गणित, आणि कुणी फाटे फोडायला लागला की ब्रॅग सरळ मध्ये तोडत. गेल्या वर्षी, २०२५ साली, त्यांनी ते सोडलं तेव्हा मला घरचं कुणी गेल्यासारखं वाटलं. आपल्याकडे अमित वर्मांचा 'द सीन अँड द अनसीन' आहे. त्यातले काही भाग सात-आठ तास चालतात, पण माणूस पाहुण्याचं पुस्तक वाचून बसलेला असतो. तक्रार त्यांच्याबद्दल नाही. दुपटीच्या वेगाने ऐकून चौपट वेगाने सांगणाऱ्यांबद्दल आहे. पूर्वी पानिपतावर वाद घालायचा तर निदान शेजवलकर वाचल्याचा आव आणावा लागे. आता तेवढीही मेहनत नाही.

आणि राजकारण्यांना तर हे घबाडच मिळालंय. २०२४ च्या ऑक्टोबरात ट्रम्प जो रोगनकडे तीनेक तास बसले. आपले पंतप्रधान २०२५ च्या जानेवारीत निखिल कामतांकडे, मार्चमध्ये लेक्स फ्रिडमनकडे, तेही तीन तासांवर. पत्रकार परिषदेत पहिला प्रश्न टोलवला की दुसरा विचारायला मागच्या रांगेत एखादा खवचट वार्ताहर उभा असतो. इथे पाहुण्याला बालपण विचारतात. असो. माझं दुखणं दाढेचं आहे.

खरं तर तेही नाही. आमचे चिरंजीव हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये रोज हेच ऐकत असतात. परवा जेवताना म्हणाले, "बाबा, 'हॉप, स्किप अँड जंप' माहितीये? रुपयाचं अवमूल्यन?" माहितीये! १ जुलैला पहिली पायरी, ३ जुलैला दुसरी, आणि मधे राव कचरले, थांबवा म्हणाले. मनमोहन सिंगांनी रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर रंगराजन यांना फोन लावला, तर ते म्हणाले, झालंसुद्धा. त्या दिवसांत आमच्या टेबलावर फोन खाली ठेवायची सोय नव्हती. निर्यातदार पेढे द्यायला तयार आणि आयातदार जीव. एवढं सांगायला मी घास बाजूला ठेवला, तर चिरंजीव म्हणाले, "हो, ते ऐकलंय." आणि कानात ते पांढरं बोंडूक घालून उठले. शेजारच्या खोलीत एक माणूस फुकट उपलब्ध आहे, जाहिरातींशिवाय, आणि याला बंगळुरूचा कुणी ऐकायचाय ज्याचा जन्म १९९१ नंतरचा.

तर खुर्चीतून उठलो तो निर्धार करूनच. काउंटरवर डॉक्टरांना गाठलं. जीभ आणि अर्धा ओठ अजून बधिर.

"डॉक्तल," मी म्हणालो, "शत्तेशाळीश टन. गहाण! विकलं नाही. गहाण!"

वेटिंग रूममधल्या एका आजींनी नातवाला जवळ ओढलं.

"काका, भूल दोन-तीन तास राहते, बोलायचे कष्ट घेऊ नका," डॉक्टर माझा खांदा थोपटत म्हणाले. "पण मजा आली. हल्ली इतकं शांतपणे ऐकून घेणारे पेशंट मिळत नाहीत."

रिसेप्शनवरच्या मुलीने बिलाचा आकडा सांगितला. तो ऐकून मला १९९१ चं सरकार जवळचं वाटलं. "कॅप बसवायला पुढच्या मंगळवारी," ती म्हणाली, आणि आतून आवाज आला, "काका, तेव्हा पानिपत घेऊ!"

रात्री डॉक्टरांचा व्हॉट्सअ‍ॅप आला. लिंक, आणि खाली: "तुमच्या काळातलं आहे, जरूर ऐका." ऐकलं. मला तो खंडाळा सापडायला हवा होता. आधी गादीची जाहिरात, मग म्युच्युअल फंडाची, मग पाहुण्याचं बालपण. तासभर झाला तरी सोनं रिझर्व्ह बँकेच्या दाराबाहेर पडलं नव्हतं. शेवटी पडलं, गाडी निघाली, टायर फुटला, मुंबईतच, पाहुणा अगदी नीट सांगत होता. तेवढ्यात मुलाखत घेणारा मध्येच म्हणाला, "अरे, माझाही गेल्या महिन्यात फुटला होता, खंडाळ्याला!"

मी ते मिनिट-सेकंदासकट लिहून डॉक्टरांना पाठवलं. गहाण आणि विक्रीचा फरकही मुद्देसूद लिहिला, २० टन वेगळे, ४७ टन वेगळे. निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर यायला जरा वेळ लागला.

"काका, तुम्ही एकच्या स्पीडवर ऐकता??"