वातावरण कसं आहे हो?

लेकीचा निकाल लागला आणि घरातल्या प्रत्येकाने आपापली अट पुढे केली. आजोबांना कॉलेज नामांकित हवं होतं, हिला जवळचं, मला परवडणारं. लेक म्हणाली, "मला असं कॉलेज हवंय, जिथे एखादी गोष्ट नाही समजली तर विचारायची भीती वाटणार नाही." ऐकायला केवढी साधी अट! पण आमच्या तिघांच्या अटींना फॉर्मवर कुठे ना कुठे रकाना सापडतो. लेकीच्या अटीला नव्हता.

सुरुवात माहितीपुस्तिकांपासून केली. प्रत्येकीत एक झाड असतं, झाडाखाली हिरवळ आणि हिरवळीवर चार-पाच मुलं एकाच पुस्तकात डोकावून खदखदून हसत असतात. अभ्यासक्रमातलं कुठलं पुस्तक एवढं विनोदी असतं, देव जाणे. प्रत्यक्ष जाऊन बघावं तर त्याच झाडाखाली 'हिरवळीवर बसू नये' अशी पाटी. आणि हा जिव्हाळा चक्क चिकटवताही येतो बरं का! २००० साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाने आपल्या प्रवेशपुस्तिकेच्या मुखपृष्ठावर फुटबॉलच्या सामन्यातली हसरी गर्दी छापली. गर्दी जरा जास्तच गोरी दिसतेय म्हणून तिच्यात एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याचा चेहरा संगणकावर जोडून दिला. तो बिचारा त्या सामन्याला गेलाच नव्हता. बोभाटा झाला, माफी मागावी लागली, पुस्तिका पुन्हा छापावी लागली. हे वाचल्यापासून मी फोटोतल्या मुलांचं हसू बघत नाही, त्यांच्या सावल्या एकाच बाजूला पडल्यात का ते बघतो.

एका पुस्तिकेत ठळक अक्षरांत होतं: 'सरासरी वर्गसंख्या फक्त १९!' हिला गहिवरून आलं. लेकीने मात्र पेन मागितलं. म्हणाली, समजा दहा वर्ग आहेत. नऊ वर्गांत दहा-दहा मुलं आणि एकात शंभर. एकूण १९०, भागिले दहा, सरासरी १९. खोटं काहीच नाही. फक्त त्या १९० मधली १०० पोरं, म्हणजे निम्म्याहून जास्त, त्या शंभरांच्या वर्गातच कोंबलेली आहेत. मी पुस्तिका मिटली. जिला असे प्रश्न पडतात, तिला ते विचारू देणारं कॉलेज खरंच हवं, एवढं मला पटलं.

वातावरण खरं कळतं ते चौकशीच्या खिडकीपाशी. तिथल्या काचेला खालच्या अंगाला एक अर्धगोल भोक असतं, ते नेमकं कुणाची उंची धरून पाडलंय हे आजवर कुणाला कळलेलं नाही. बोलायचं तर कमरेत वाकावं लागतं, आणि वाकलं की आतल्या माणसाचा चेहरा जातो, फक्त हात आणि शिक्का उरतो. मी त्या शिक्क्याला विचारलं, "साहेब, इथलं वातावरण कसं आहे?"

"वेळापत्रक बोर्डावर लावलंय."

"तसं नाही हो. मुलांना सांभाळून घेतात ना?"

"मूळ कागदपत्रं तुमची तुम्ही सांभाळायची. गहाळ झाली तर आम्ही जबाबदार नाही. पुढचे!"

दुसऱ्या एका कॉलेजात प्राचार्यांनी स्वतः भेट दिली. "आमचं कॉलेज म्हणजे एक कुटुंब आहे," ते म्हणाले. मला तिथेच धास्ती वाटली. कुटुंब मी जवळून पाहिलंय. आणि झालंही तसंच. तिथले दोन विभागप्रमुख एकमेकांशी बोलत नाहीत, निरोपांची ने-आण मुलांना करावी लागते, हे शिपायाने आपणहून सांगितलं. त्याच मजल्यावर समुपदेशन कक्ष होता. दाराला कुलूप आणि कडीत अडकवलेले कोरे अर्ज: नाव, तुकडी, हजेरी क्रमांक, समस्येचे स्वरूप (एका ओळीत), पालकांची सही. ज्याची समस्या पालकच आहेत, त्याने काय करायचं? लेक त्या अर्जाकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली, तेव्हा मी तिला जिन्याकडे वळवलं.

रात्री मी तिला आकडे ऐकवले, कारण बापाकडे दुसरं काय असतं? २०१४ साली गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेने आणि पर्ड्यू विद्यापीठाने अमेरिकेतल्या तीस हजारांवर पदवीधरांना कॉलेजच्या दिवसांबद्दल विचारलं होतं. 'प्राध्यापकांना माणूस म्हणून माझी काळजी होती' असं ठामपणे म्हणणारे निघाले २७ टक्के. काळजी करणारा, शिकण्याची गोडी लावणारा आणि पाठीवर हात ठेवणारा, असा तिहेरी योग आलेले तर जेमतेम १४ टक्के. आणि ज्यांना हा योग आला, त्यांचं पुढे नोकरीतही मन रमण्याची शक्यता दुपटीहून जास्त. "म्हणजे काळजी करणारा एक माणूस शोधायचा," लेक म्हणाली. "इमारत बघत कशाला फिरतोय आपण?"

मग आम्ही इमारती सोडल्या आणि जिन्यावर बसलेली पोरं धरली. बहुतेकांनी "मस्त आहे काका" म्हणून काढता पाय घेतला. एका रंग उडालेल्या कॉलेजात मात्र दुसऱ्या वर्षाची एक मुलगी वहीवर काहीतरी खोडत बसली होती. लेकीने विचारलं, "सर ओरडतात का गं?"

"खूप ओरडतात."

मी निघायच्या बेतात होतो.

"पण नाव घेऊन ओरडतात," ती म्हणाली. "आणि नंतर काय चुकलं ते समजेपर्यंत सोडत नाहीत. काल सहा वाजले."

लेकीने तिथल्या तिथे फॉर्म घेतला. एक रकाना चुकला, तर खिडकीतल्या बाई खुर्चीवरून उठून बाहेर आल्या, तिच्या शेजारी बाकावर बसल्या आणि बोट ठेवून कुठे काय लिहायचं ते दाखवायला लागल्या. मलाही शंका होत्या, म्हणून मी उत्साहाने पुढे सरसावलो.

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही पालक ना? पालकांनी फाटकाबाहेर थांबायचं."