मूळ चित्रासमोर

दिवाळीच्या सुट्टीत सचखंड एक्सप्रेसने परभणीहून दिल्लीला गेलो आणि एक अख्खा दिवस इंडिया गेटजवळच्या जयपूर हाउसमध्ये, म्हणजे १९५४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात घालवला. बावीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवत असूनही मी तिथे प्रथमच जात होतो, याची खंत वाटते.

संग्रहालय मोठे आहे, पण माझा बहुतेक वेळ अमृता शेरगिल यांच्या चित्रांपुढेच गेला. त्यांची १९३५ची ‘तीन मुली’ आणि १९३७ची ‘ब्रह्मचारी’ ही चित्रे पुस्तकांत असंख्य वेळा पाहिली होती. परंतु त्या दोन वर्षांत त्यांचा हात किती बदलला, हे मूळ चित्रे पाहिल्यावरच उमगले. ‘ब्रह्मचारी’मध्ये मातकट तांबूस रंगातून सावळी अंगे वर येतात आणि त्यांवरच्या धोतरांचा पांढरा रंग एकच नसतो, त्याच्या निरनिराळ्या छटा असतात. छापील पुस्तकात तिथे नुसता कोरा कागद दिसतो. मी वर्गात इतकी वर्षे तोच कागद दाखवत आलो.

या दोन चित्रांच्या मधल्या काळात, १९३६च्या अखेरीस, शेरगिल अजिंठ्याला येऊन गेल्या होत्या. बुडापेस्टमध्ये जन्मलेली आणि पॅरिसमध्ये शिकलेली तेवीस वर्षांची चित्रकर्ती आपल्या मराठवाड्यातल्या भिंती पाहून स्वतःची वाट बदलते, ही गोष्ट आपल्या किती मुलांना माहीत आहे? दरवर्षी शाळांच्या सहली एसटीने अजिंठ्याला जातात, पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोरून रांग दोन मिनिटांत पुढे सरकते आणि पुढच्या लेण्याची घाई होते. हा शिक्षकांचा दोष आहे असे मी म्हणणार नाही, कारण त्या भिंतींचे पुढच्या काळातल्या चित्रांशी असलेले नाते समोर ठेवून दाखवता येईल अशी सोयच आपल्याकडे नाही.

आधी पाणी, आधी रस्ते, असे लोक म्हणतात. ती गरज मी रोज पाहतो आणि नाकारत नाही. पण पाणी मागणाऱ्या माणसाने चित्र मागू नये, हे मला पटत नाही. या संग्रहालयाच्या शाखा मुंबईत १९९६ साली आणि बंगळुरूला २००९ साली झाल्या. छत्रपती संभाजीनगरात शासकीय कला महाविद्यालय आहे आणि जिल्ह्यात अजिंठा आहे, तेव्हा पुढची शाखा तिथे मागण्याचा हक्क आपल्याला नक्कीच आहे. शाखा होईपर्यंत वर्षातून दोन महिने संग्रहातील पंधरा-वीस मूळ चित्रे नीट सुरक्षेत तिथे आणावीत, म्हणजे परभणीची मुले सकाळच्या गाडीने जाऊन, ती पाहून रात्री घरी परततील.