तेव्हाच ओळखलेलं म्हणे!

मालवणच्या जेटीवर संध्याकाळी चहा प्यायचा म्हणजे आता डोक्याला ताप झालाय. कोणीतरी नाना पाटेकरचं नाव काढतो. लगेच दुसरा, 'अंकुश' हा त्याचा पहिला पिक्चर! अरे बाबा, 'अंकुश' १९८६चा, त्याचा 'गमन' १९७८चा. मधली आठ वर्षं काय माणूस गावी मुरुडला समुद्र बघत बसला होता? फोन काढून दाखवलं तरी, "ता सोड रे, साइड रोल होतो तो!" म्हणून मोजायचाच नाही.

लक्ष्या बेर्डेचंही तेच. 'मैंने प्यार किया'तला नोकर म्हणजे त्याची सुरुवात म्हणे. त्याचा 'धुमधडाका' १९८५ला येऊन गेला होता, महाराजा!

सगळ्यात डोक्यात जातात ते 'तेव्हाच ओळखलेलं'वाले. 'सरफरोश'मध्ये नवाजुद्दीन जेमतेम एका चौकशीपुरता दिसतो. पण १९९९ला तो बघून इथल्या निम्म्या लोकांना साक्षात्कार झालेला! "माका तेव्हाच कळलेला, ह्यो मोठो होतलो." मग तेव्हा बोलला का नाहीस, मेल्या?

आणि हीच मंडळी जत्रेत दशावताराला रात्रभर बसतात. तिथे संकासुर राक्षस आला की पहिली शिट्टी यांचीच.