कॅमेऱ्याने कॉपी थांबली असती का?

महामारीतल्या ऑनलाइन परीक्षांबद्दल एक मजकूर अजूनही फिरतो: 'मुलांनी घरी बसून सर्रास कॉपी केली. कॅमेरा सक्तीचा केला असता तर गुण खरे ठरले असते. गोव्यात नेट तर सगळीकडे आहे.' २०२१ साली गोवा बोर्डाने दहावीची परीक्षा रद्द करून शाळांनी दिलेल्या अंतर्गत गुणांवर निकाल लावला. त्यामुळे हा दावा तपासायलाच हवा.

कॉपी झाली, हे खरेच. पण कॅमेऱ्यात चेहरा दिसतो, मांडीवरची वही दिसत नाही. हात आणि कागद दिसायला मोबाईल बाजूला दोन-तीन फुटांवर ठेवावा लागतो. मग त्याच मोबाईलवरची प्रश्नपत्रिका मुलाने वाचायची कशी? घरात फोन एकच, तोही बऱ्याचदा वडिलांचा.

नेटबद्दल काय सांगावे! गोव्यातल्या सत्तरी, सांगे, काणकोण या तालुक्यांच्या कित्येक वाड्यांवर रेंजसाठी डोंगर चढावा लागे. पावसाळ्यात वीज गेली की उरलीसुरली रेंजही जाई.

ऑनलाइन प्रश्नपत्रिका बऱ्याचदा गुगल फॉर्मवर असते. 'फॉर्म आपोआप तपासतो, म्हणजे गुण तरी अचूक' हेही फसवे आहे. गुगल फॉर्म लघुउत्तर अक्षरशः जुळवून पाहतो. उत्तरसूचीत 'मांडवी' असेल आणि मुलाने 'मांडवी नदी' लिहिले, तर शून्य. सूचीत इंग्रजी आकडे असतील आणि मुलाने देवनागरीत '१२' लिहिले, तरी शून्य. शिक्षकाने पर्यायी उत्तरे आधीच भरली नाहीत, तर बरोबर लिहिणारे मूल नापास होते, आणि ही चूक कॉपीपेक्षा वाईट आहे. लेखी उत्तरांचे फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवले की आकार घटतो, पेन्सिल पुसट दिसते. पेनने लिहून, खिडकीच्या उजेडात, फोन कागदाच्या अगदी वर सरळ धरून फोटो काढावा आणि 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा.

कॉपी रोखायची तर प्रश्नच बदलायला हवेत. घरातली विजेची दोन बिले घ्या, युनिट किती टक्क्यांनी वाढले ते काढा, वाढ का झाली ते लिहा. प्रत्येक घरचे आकडे वेगळे, शेजारच्या मुलाचे उत्तर कामाला येत नाही. मग साध्या फोनवर पाच मिनिटे विचारावे: 'छेदात जुन्या बिलाचे युनिट का घेतलेस?' गणित स्वतः केलेले मूल लगेच सांगते. तीस मुलांना अडीच तास लागतात, दोन संध्याकाळींत काम होते, आणि यासाठी नेटही लागत नाही.