फिंचची चोच आणि 'शब्दच्छल' : एका प्रतिक्रियेला उत्तर

माझ्या लेखनावरील आपल्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. आपले आक्षेप दोन आहेत : नैसर्गिक निवड आणि उत्क्रांती यांतला भेद शाळकरी मुलांसाठी निव्वळ शब्दच्छल आहे, आणि भेद असेलच, तर निवडीला मी उत्क्रांतीची 'पहिली पायरी' का म्हटले. दुसरा आक्षेप मला मान्य आहे. पायरी म्हटली की तिच्यावाचून पुढे जाताच येत नाही असे वाटते. प्रत्यक्षात लहानशा समूहात केवळ योगायोगानेही जनुकांचे प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या बदलत जाते, आणि तीही उत्क्रांतीच. तो शब्द मी मागे घेतो.

पहिला आक्षेप मात्र मला पटत नाही. पॅसिफिक महासागरातील गॅलापागोस द्वीपसमूहातल्या डॅफ्ने मेजर या बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे जीवशास्त्रज्ञ दांपत्य 1973पासून फिंच पक्ष्यांच्या चोची मोजत होते. 1977 साली तेथे दुष्काळ पडला, बारीक मऊ बिया संपत आल्या आणि आपल्याकडच्या सराट्याच्या एका भाऊबंदाच्या टणक, काटेरी बिया तेवढ्या मागे राहिल्या. त्या फोडू शकणारे जाड चोचीचे पक्षी तुलनेने अधिक वाचले, आणि वाचलेल्यांच्या चोचीची सरासरी जाडी आधीपेक्षा सुमारे अर्धा मिलिमीटर जास्त भरली. यात एकाही पक्ष्याची चोच वाढलेली नव्हती. तांदूळ निवडल्याने उरलेला दाणा काही मोठा होत नाही. इथवर झाली ती निवड.

1978 साली जन्मलेल्या पिलांच्या चोचीही पूर्वीच्या पिलांपेक्षा जाड निघाल्या, कारण ही जाडी बरीचशी आनुवंशिक आहे. ही उत्क्रांती. चोचीची जाडी केवळ पिलूपणीच्या आहारावर ठरत असती, तर तेवढेच पक्षी मरूनही त्या निवडीचा मागमूस पुढच्या पिढीत उरला नसता. वर्गात मी हाच प्रश्न विचारतो, कारण ज्या मुलांना हा भेद सांगितलेला नसतो, ती 'गरज पडली म्हणून चोच वाढली' असे हमखास लिहितात.

मराठीतले हे शब्दही यात थोडे आड येतात, हे कबूल करायला हवे. 'निवड' म्हटले की निवडणारा कोणीतरी डोळ्यांपुढे उभा राहतो, आणि 'उत्क्रांती'तला 'उत्' वर चढण्याची आशा लावतो. डॅफ्ने मेजरवर 1983च्या अतिवृष्टीनंतर बारीक बियांचे रान माजले आणि पुढच्या काही वर्षांत निवडीचा कौल लहान चोचींकडे झुकला. ही उलटी वाटचालही उत्क्रांतीच आहे, हे मुलांच्या गळी उतरवायला मला एक जादा तास लागतो.